सपाट मुलखात

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या आतेभावाने कोकणकड्याचा फोटो टाकला. पहाटेची वेळ, खाली ढगांचा समुद्र आणि हरिश्चंद्रगडाचा तो अर्धगोल कडा. सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं, मीही केलं. थोड्या वेळाने आत्याचा फोन आला. "तुझ्याकडेही चांगला कॅमेरा आहे ना गं? तू का नाही काढत असं काही?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पण तू तरी काय करणार. इंदूरला आहेच काय, सगळं सपाट."

आत्या इंदूरचीच. रामबागेत वाढली, लग्न होऊन पुण्याला गेली. बाहेरच्या कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते, पण तिच्याशी काय भांडणार. शिवाय मनातून मलाही तेच वाटत होतं. माझे पणजोबा वाईहून होळकरांच्या चाकरीत इथे आले. चार पिढ्या माळव्यात गेल्या, तरी आमच्या घरात 'निसर्ग' म्हटलं की सह्याद्रीच. भिंतीवरच्या कॅलेंडरात रायगड, सुट्टीत महाबळेश्वर. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत मी दर वर्षी तेच चित्र काढायचे: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. आमच्या गच्चीवरून असा सूर्य मी एकदाही पाहिलेला नव्हता.

त्या फोननंतरचं पहिलं वर्ष मी कडे शोधण्यात घालवलं. इंदूरला ते मिळतातही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, माळव्याच्या पठारावर आहे. हे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरतं, म्हणून क्षिप्रा, गंभीर, चंबळ या नद्या इथून उत्तरेला वाहत जातात. दक्षिणेला मात्र ते महूच्या पुढे एकदम तुटतं आणि खाली निमाड, नर्मदेचं खोरं लागतं. चोरल आणि कारम या नद्या त्या तुटलेल्या काठावरून दक्षिणेकडे पडतात. पाताळपाणी, तिंछा, मोहाडी, हत्यारी खोह, कजलीगढ, जाम दरवाजा ही इंदूरकरांची पावसाळी ठिकाणं सगळी या एका काठावर आहेत. नकाशात ती एका ओळीत बसलेली दिसतात. एकदा हे कळलं की पुढचं ठिकाण कुणाला विचारावं लागत नाही, काठ धरून चालायचं.

मी तसंच केलं. जुलै ते सप्टेंबर एकही रविवार सोडला नाही. पाताळपाणीला चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली पडते. तिथे तासभर उभं राहूनही माझ्या हाती आला तो धुरकट पांढरा पट्टा आणि रेलिंगवर टेकलेली माणसं. पाताळपाणी ते कालाकुंड मीटरगेजवरून जाणाऱ्या हेरिटेज गाडीतही बसले, बोगदे आणि पूल मोजले, कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाल्ला. दिवस फार छान गेला. फोटो एकही नीट आला नाही. चालत्या गाडीच्या खिडकीतून निसर्गचित्र होत नाही, कारण कुठे उभं राहायचं हे तुमच्या हातात नसतं.

इथे एक गोष्ट काळजीपोटी सांगते. या धबधब्यांच्या वरच्या बाजूला, नदीच्या पात्रात, तिपाई (कॅमेऱ्याचा ट्रायपॉड) लावून उभं राहू नका. आपल्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि वर १० किलोमीटरवर पाऊस झालेला असतो. पठारावरचं पाणी उथळ पात्रातून बघता बघता येतं. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला असंच पाणी चढून सहलीला आलेली माणसं वाहून गेली होती. त्यानंतर तिथे बंदोबस्त झाला, पण कमी माहितीच्या धबधब्यांवर आजही अडवणारं कुणी नसतं.

वर्षाच्या शेवटी मी निवडक दोनशे फोटो लॅपटॉपवर घेऊन मामांकडे गेले.

मामा निवृत्त चित्रकला शिक्षक, वय ७४. इंदूरच्या ज्या चित्रकला शाळेत ते शिकले, तिची सुरुवात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली केली. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे चित्रकार या एकाच शाळेतले. मामांच्या वेळी देवळालीकर नव्हते, पण बाहेर जाऊन, जागेवर बसून निसर्गचित्र करायची सवय त्या शाळेत टिकून होती. मामा सांगतात, सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून आम्ही पहाटे निघायचो आणि शाळा भरायच्या आत परत यायचो. कुठे जायचात, असं विचारलं तर म्हणतात, "कुठे म्हणजे? जिथे सायकल थकेल तिथे."

त्यांनी सगळे फोटो पाहिले. मधे काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, "फोटो स्वच्छ आहेत. पण हे सगळे तू पुण्याला दाखवायला काढलेले दिसतात."

मला ते लागलं. मी म्हटलं, "मामा, मग इथे आहे काय दुसरं?"

"मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. निसर्गचित्र काढा म्हटलं की मुलं दोन डोंगर काढायची. वर्गातल्या एकाही मुलाच्या घरातून डोंगर दिसत नव्हता." मग म्हणाले, "महिनाभर कॅमेरा घरी ठेव आणि खिडकी घेऊन जा."

खिडकी म्हणजे जाड पुठ्ठ्याला मधोमध कापलेली चौकट. चित्रकार ती पूर्वीपासून वापरतात. मामांनी माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचं, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या चौकोनाचं, माप विचारलं. ते साधारण २४ बाय १६ मिलिमीटर. त्यांनी बरोबर दुप्पट, ४८ बाय ३२ मिलिमीटरची खिडकी कापून दिली. गंमत अशी की पुठ्ठा डोळ्यापासून जितक्या अंतरावर धराल, त्याच्या निम्मी लेन्सची फोकल लेंग्थ; हा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं आणि चौकटीत कमी मावतं. २० सेंटीमीटरवर धरला की १०० मिलिमीटरच्या लेन्सला जेवढं दिसेल तेवढंच खिडकीतून दिसतं. हात पूर्ण ताणला की साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे माझी ३०० ची लेन्स. पुठ्ठ्याला एक दोरी बांधली, तिला १०, २०, ४० आणि ६० सेंटीमीटरवर गाठी मारल्या आणि दोरीचं टोक गालाशी धरून मी बघायला लागले. तुमच्याकडे मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम कॅमेरा असेल तर खिडकी ७२ बाय ४८ ची कापा, बाकी सगळं तेच.

माझ्यासाठी या पुठ्ठ्याने जे केलं ते कुठल्याही लेन्सने केलं नाही. कॅमेरा हातात असला की बटण दाबलं जातं आणि फोटो झाला असं वाटून पाय पुढे निघतात. पुठ्ठ्याला बटण नाही. मग एका जागी पंधरा मिनिटं जातात, अर्धा तास जातो, आणि पहिल्या पाच मिनिटांत न दिसलेलं दिसायला लागतं.

तो महिना डिसेंबरचा होता. देपालपूर रस्त्याने मी स्कूटीवर जायचे, कारण तो रस्ता मला सगळ्यांत कंटाळवाणा वाटायचा. दोन्हीकडे गव्हाची शेतं, अधूनमधून बाभूळ, ओढ्याच्या कडेने शिंदीची झाडं, लांबवर एखाद्या गावाचं देऊळ. मामांनी एकच गृहपाठ दिला होता: प्रत्येक ठिकाणी आडव्या पट्ट्या मोजायच्या. आकाशाची एक, जमिनीची एक आणि त्या दोन्हींच्या मधे जे काही उभं असेल त्याची एक. "सपाट मुलखात जमिनीची रेषा कागदावर कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न असतो," ते म्हणायचे. "डोंगरात तो प्रश्न डोंगर सोडवतो. इथे तुला सोडवावा लागेल."

पहिले आठ-दहा दिवस मला प्रत्येक ठिकाणी रेषा मधोमध दिसत होती, आणि मधोमध रेषा म्हणजे अर्धं रिकामं आकाश, अर्धं हिरवं शेत, मधे बोटभर झाडं. मग एकदा यशवंतसागरच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या उंच बांधावर, चढले. गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळात बांधलेला हा तलाव; इंदूरला पाणी पुरवणारा, आणि २०२२ मध्ये सिरपूरच्या तलावाबरोबरच रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेला. पाळीवर उभं राहून मागे वळून शेतांकडे पाहिलं तर खाली पातळ पट्टी वाटलेली जमीन उलगडली होती. बांध दिसत होते, पाटांच्या चकाकत्या रेघा, वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या गव्हाच्या हिरव्याचे चार रंग. नंतर कागदावर हिशेब करून पाहिला. उभ्या माणसाच्या डोळ्याला सपाटीवर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. डोळा १० मीटर उंचीवर नेला की ते ११ किलोमीटरवर जातं. सह्याद्रीत एवढा फरक पडायला तासभर चढावं लागतं, इथे एक पाळ पुरते. तेव्हापासून माझ्या वहीत ठिकाणांची नवी यादी सुरू झाली. तिच्यात धबधबे नव्हते. तळ्यांच्या पाळी होत्या, रस्त्यावरचे उड्डाणपूल होते, ओळखीच्यांच्या गावाकडच्या गच्च्या होत्या आणि एक सोसायटीचं गोदाम होतं, ज्याच्या लोखंडी जिन्यावर चढायला तिथले काका सकाळी सातपर्यंत परवानगी देतात.

सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशाही त्याच सुमारास उघडला. १:५०,००० चा, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात उंचीच्या रेषा साधारण २० मीटरच्या फरकाने असतात. घाटाच्या बाजूला त्या इतक्या दाटतात की कागद तपकिरी होतो. इंदूरच्या वायव्येला बोटभर जागेत एकही रेषा नसते. पूर्वी मी हा रिकामा भाग बघितलाही नसता. आता तिथल्या इतर खुणा वाचायला लागले: विहिरींचे निळे ठिपके, तळी, ओढे, बैलगाडीच्या वाटा, एकटं उभं देऊळ. सपाट मुलखात जमीन जे सांगत नाही ते पाणी आणि झाडं सांगतात. ओढा कुठे आहे ते लांबून शिंदीच्या रांगेवरून कळतं, जुनी विहीर एखाद्या मोठ्या पिंपळावरून किंवा वडावरून.

अशा एका वडाने मला पुढचा धडा दिला. हातोदच्या पुढे एका आडवाटेवर तो शेताच्या मधोमध एकटा उभा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुठ्ठ्यातून पाहत होते तेव्हा सूर्य बरोबर त्याच्या मागून वर आला. महिना संपला, कॅमेरा हातात आला, पण घरात लग्नकार्य निघालं आणि मी पोहोचले थेट मार्चमध्ये. डिसेंबरात जिथून पाहिलं होतं त्याच दगडाजवळ उभी राहिले. सूर्य वडापासून कितीतरी डावीकडे, एका विजेच्या खांबामागून उगवला.

शाळेत हे शिकलेलं असतं, पण पायाखाली कळायला असा खांब मधे यावा लागतो. इंदूरच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस सूर्य नेमक्या पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनअखेरीस तितकाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात क्षितिजावरचा त्याचा फेरफटका ५० अंशांचा. तो सारख्या चालीनेही सरकत नाही. डिसेंबर आणि जूनच्या अखेरीस जवळजवळ थांबतो, आठवडाभर त्याच झाडामागून येतो. मार्च आणि सप्टेंबरात मात्र रोज आपल्या बिंबाच्या रुंदीला थोडीच कमी एवढी उडी मारतो. त्या दिवसांत एक पहाट चुकली तर दुसऱ्या दिवशी पाऊलभर सरकून भागत नाही. मी आता साधी होकायंत्राची डबी बाळगते आणि आवडलेल्या प्रत्येक झाडापुढे वहीत एक आकडा लिहिते: मी इथे उभी, झाड अमुक अंशांवर. मग सूर्य त्या अंशांवर कधी येणार ते काढता येतं. फोनमध्ये ही गणितं करून देणारी ॲप्स आहेत, ती वापरावीत; पण आकडा स्वतः लिहिला की ते झाड लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट मला त्या वडानेच शिकवली. झाडामागे सूर्य मोठा दिसावा असं वाटत असेल तर झाडाजवळ जाऊन उपयोग नाही, लांब जावं लागतं. सूर्यबिंबाचा कोन कायम अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. झाडापासून १०० मीटरवर उभं राहिलं तर बिंब झाडाच्या तुलनेत एक मीटरही रुंद दिसत नाही. ५०० मीटर मागे गेलं की तेच साधारण साडेचार मीटरचं होतं. तिथून ३०० च्या लेन्सने झाड चौकटीत भरतं. पण यासाठी तुमच्या आणि झाडाच्या मधे अर्धा किलोमीटर मोकळी जमीन हवी, आणि झाडाच्या मागे काहीही नको, अगदी क्षितिजापर्यंत. हे मी वहीत लिहीत होते तेव्हाच माझा हात थांबला. असं मोकळं अर्धा किलोमीटर माझ्या आतेभावाला शोधावं लागेल. डोंगरात सूर्य कड्यावरून दिसतो तोपर्यंत पांढरा, तीक्ष्ण झालेला असतो. त्याची पहिली तांबडी दहा मिनिटं डोंगरामागेच जातात. माझ्याकडे ती दहा मिनिटं रोज होती. माझ्या पणजोबांपासून आमच्याकडे ती होती.

(अशा लांबच्या, टेलिलेन्समधून सूर्याकडे बघताना डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या भिंगाला, लावू नका. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघूनच काम करा, आणि बिंब पिवळं होऊन डोळ्यांना खुपायला लागलं की लेन्स दुसरीकडे वळवा.)

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. वडाजवळच्या शेताच्या बांधावर मी पहाटे सहाच्या सुमारास तिपाई लावत होते. शेताचे मालक टॉर्च घेऊन आले. माझ्यासारखी बाई अंधारात शेतात उभी, त्यांना काळजी वाटणं स्वाभाविक होतं. मी सांगितलं, सूर्य उगवताना झाडाचा फोटो काढायचा आहे. त्यांनी कॅमेऱ्यात मागच्या आठवड्याचे फोटो पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि माळवीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: झाड तर रोजच आहे, तुम्ही पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी या, तेव्हा शेत श्वास सोडतं.

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. शेतीची वीज त्यांच्याकडे बरेचदा रात्री येते, म्हणून गव्हाला पाणी रात्री द्यावं लागतं. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं. रात्रभर शेतात पसरतं आणि पहाटे गार हवा लागली की त्यातून वाफ निघते. सगळीकडे नाही, जेवढ्या वाफ्यांना पाणी दिलं तेवढ्यांवरच. सूर्य वर आला की अर्ध्या तासात संपतं. त्यांनी माझा नंबर घेतला. चौथ्या दिवशी रात्री अकराला फोन आला, "आज पाणी सोडलंय."

घरी येऊन मी त्या वाफेचं कारण वाचलं. जमिनीखालचं पाणी ऋतूप्रमाणे फारसं बदलत नाही. त्याचं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आपल्याकडे पंचविशीच्या आसपास. जानेवारीच्या पहाटे हवा ८-१० अंशांवर येते. पण त्या पहाटे, अंधारात, हे काहीही डोक्यात नव्हतं. मी बांधावर पोहोचले तेव्हा शेत दिसतच नव्हतं. गुडघ्याइतक्या उंचीची पांढरी चादर होती आणि तिच्यावर वडाचा वरचा भाग तरंगत होता, खोडाशिवाय. वाफ्यांच्या बांधांमुळे चादरीला चौकोन पडले होते. उजवीकडच्या, पाणी न दिलेल्या शेतावर काहीच नव्हतं, तिथे गव्हाच्या पात्यांवरचं दव करडं दिसत होतं. मग पूर्व उजळली. वाफ आधी निळी होती, मग गुलाबी झाली, आणि बिंब वर येताच समोरून प्रकाश पडून ती आतून पेटल्यासारखी सोनेरी झाली. शेताचे मालक दुसऱ्या बांधावरून फावडं घेऊन चालले होते, त्यांचे पाय दिसत नव्हते.

मी पाळीवर नव्हते, सपाट बांधावर होते, आणि रेषा कुठे ठेवायची हा प्रश्न त्या दिवशी पडलाच नाही. जमीन तीन पट्ट्यांत वाटली गेली होती: दवाची, वाफेची, झाडांची. रेषा वरच्या एक तृतीयांशावर गेली ती आपोआप. लेन्सवर दव धरत होतं, दर दोन मिनिटांनी रुमालाने पुसत होते. प्रकाश समोरून असल्यामुळे कॅमेरा घाबरून फोटो काळा करत होता, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवलं, म्हणजे फोटो थोडा उजळ केला; वाफ पांढरी राहायला हवी, करडी झाली की सगळं गेलं. कॅमेऱ्याचं सेटिंग एफ ८, आयएसओ २००, बाकी काही नाही. पंचवीस मिनिटांत ४० फोटो काढले. कड्यांच्या वर्षी एका सकाळी मी ४०० काढायचे.

मामांना प्रिंट नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "हा माणूस कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला दिलास का एक?" दिला होता. त्यांच्या ओसरीत तो लावला आहे. तिथे बसून मला आता पुढच्या जागाही कळतात: कुणाच्या शेतात मेथी फुलात आहे, कुठल्या ओढ्यावर सारसाची जोडी उतरते, कुणाच्या विहिरीवरचा पिंपळ वीजवाले तोडणार आहेत. इंदूरच्या आसपासच्या जागांची याहून चांगली यादी मला कुठे मिळाली नाही. ती विचारायची पद्धतही आता जमली आहे. "इथे सुंदर जागा कुठे आहे?" असं विचारलं की लोक धबधब्याचा किंवा गुलावटच्या कमळांचा पत्ता देतात, आणि तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. "पहाटे शेतात जाताना तुम्ही कुठे थांबता?" असं विचारलं की माणूस विचार करतो, आणि मग जे सांगतो ते त्याचं स्वतःचं असतं.

त्यानंतर ऋतूंकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. पूर्वी माझा पावसाळा धबधब्यांचा होता. आता जुलैत मी सोयाबीनच्या शेतात रेषा अगदी खाली, चौकटीच्या तळाशी ठेवते आणि वर सगळे ढग घेते, कारण एवढं अख्खं आकाश एका वेळी डोंगरात दिसत नाही. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात नांगरलेली काळी जमीन. तिच्यावर तिरपं ऊन पडलं की ढेकळं काळी राहत नाहीत, जांभळी होतात. तेव्हा रेषा वर, जवळजवळ माथ्याशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटाच्या बाजूला पळस फुलतो, त्यासाठी मी आजही सिमरोलकडे जाते. एप्रिल-मे धुळीचे. हवेत इतका धुरळा असतो की सूर्य मावळायच्या आधीच विझतो, पण त्या धुरळ्यामुळे एकामागे एक उभ्या झाडांच्या रांगा फिकट होत जातात आणि सपाटीला खोली येते. मला हे महिने पूर्वी वाया गेलेले वाटायचे. सिरपूरला मात्र मी हिवाळ्यातच जाते. तिथे पक्ष्यांचे फोटो काढणारे मोठ्या लेन्स घेऊन पाण्याकडे बघत बसलेले असतात. मी त्यांच्या मागे, पाळीवर, आणि पाण्यापलीकडे धार रस्त्याच्या बाजूच्या नव्या इमारती धुक्यात उभ्या. तोही माळवाच.

गेल्या नाताळात आतेभाऊ आत्याला घेऊन इंदूरला आला. मी दोघांना पहाटे वडाच्या शेतावर नेलं. शेताला आदल्या रात्री पाणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे वाफ नव्हती. साधी, स्वच्छ, थंड पहाट होती. भावाने सवयीने मान वर केली, मग खाली आणली. बिंबाची पहिली तांबडी कड जमिनीच्या रेषेवर दिसली तेव्हा तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे हा डोंगर चढून येतो गं. इथे जमिनीतूनच निघतोय." त्याने कॅमेरा आणलेला होता, पण बाहेर काढला नाही. आत्या शाल पांघरून बांधावर बसली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीतून देपालपूरला जात्रेला जायचो, तेव्हा हा असाच लाल गोळा बैलांच्या शिंगांमधून दिसायचा. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सध्या माझ्या वहीत एक नवी जागा आहे. हातोदच्याच बाजूला गावाबाहेरचा एक कच्चा रस्ता, जवळजवळ दोन किलोमीटर सरळ, आणि होकायंत्राप्रमाणे नेमका पूर्व-पश्चिम. २० किंवा २१ मार्चला सूर्य त्या रस्त्याच्या टोकातून उगवायला हवा, साडेसहाच्या सुमारास. एक दिवस चुकला तर बिंब रस्ता सोडून शेतात जाईल. गहू तेव्हा पिकलेला असेल, दोन्हीकडे पिवळा. शेतमालकांनी सांगितलंय की त्या आठवड्यात कापणी सुरू होऊ शकते, सुरू झाली तर आदल्या दिवशी फोन करतील. मामा येणार आहेत. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून घडीची खुर्ची गाडीत आत्ताच टाकून ठेवली आहे. पुठ्ठ्याची खिडकी त्यांनी परत मागून घेतली आहे, त्या दिवसापुरती.